यंत्राची भूक

तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. कुणा मिस्त्रीची बायको म्हणून नव्हे. लग्नाच्या भानगडीत ती पडलीच नव्हती. ती स्वतःच मिस्त्री होती. दुकानातल्या थंड पेटीपासून थेट शीतगृहातल्या खोलीएवढ्या यंत्रापर्यंत, जे जे म्हणून गार करतं आणि बिघडतं, ते सगळं तिच्या हाताखालून जायचं. हातात पाना आला की तिची जीभही सैल सुटायची. "नवरा आणि कॉम्प्रेसर, दोघांचं एकच," ती म्हणायची. "आवाज करायला लागला तर वाईट, आणि अगदीच गप्प झाला तर त्याहून वाईट." जिला नवराच नाही तिनं हे सांगावं, म्हणून बायका पोट धरून हसत.

हे काम तिला तिच्या दादानं शिकवलं. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादा नुकता कमावता झाला होता आणि ही पाटी-दप्तरातच होती. त्यानं तिला वाढवलं म्हणजे काय, तर बरोबर घेऊन हिंडला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, हा त्यांचा दोघांचा खेळ. "चिमणे, कान लाव. काय म्हणतंय?" तो विचारायचा. "पोटात दुखतंय म्हणतंय," ती सांगायची. पुढे दादाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि घरात तिघं झाली. वहिनी अबोल होती, पण तिच्या मनात काय आहे ते तिनं भांडं कसं ठेवलं यावरून कळायचं.

शीतगृह त्यांच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे होतं. जाड भिंती, त्यांच्या आत बुचाच्या लाकडाचा थर, आत बटाटे आणि सफरचंदं. मागच्या बाजूला जमिनीत अर्धी रुतलेली यंत्राची खोली आणि त्या खोलीत आणखी खाली एक खड्डा. गॅसची टाकी, पाइप आणि सगळे महत्त्वाचे व्हॉल्व्ह त्या खड्ड्यात. लोखंडी शिडीनं उतरायचं. हे यंत्र आर-बावीस नावाच्या गॅसवर चालायचं. रंग नाही, वास म्हणावा तर नाहीच. हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला की पाण्यासारखा खोलगट जागेत साचून राहतो. आणि साचला की तिथली हवा वर ढकलून देतो. माणूस आत गेला तर त्याला गुदमरल्यासारखं होत नाही, खोकला येत नाही, भीतीसुद्धा वाटत नाही. उलट बरं वाटतं. जरा बसावंसं वाटतं.

दादा तसाच गेला. यंत्र बरेच दिवस गॅस खात होतं. आज भरावा आणि पुढच्या मोसमात पुन्हा भरावा. दादानं गळती शोधून काढली, खड्ड्यातला तो सांधा नव्यानं जोडला, गॅस भरला, आणि सगळं झाल्यावर सांध्यावरून एकदा हात फिरवून यावा म्हणून परत खाली उतरला. जोडताना लावलेला पंखा आता बंद होता, आणि भरताना सांडलेला गॅस खाली बसून होता. जेवून परतलेल्या हमालांनी पाहिलं, तेव्हा तो भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसला होता. मांडीवर पाना. "काय मिस्त्री, डुलकी का?" म्हणून वरून त्यांनी हाका मारल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. कामावरून येऊन ओट्यावर टेकलेला माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

तेव्हा मिस्त्रीण विशी ओलांडलेली पोर होती. शीतगृहाच्या मालकाला दुसरा मिस्त्री मिळेना, आणि हिला दुसरं काम येत नव्हतं. दादाच्या जागी ती उभी राहिली.

आता खरी गोष्ट पुढे आहे. त्या दिवसापासून त्या यंत्रानं गॅस मागितला नाही.

जुनं यंत्र कितीही नीट बांधलेलं असलं तरी थोडा थोडा गॅस सोडतंच. चार सांधे, शंभर नळ्या; वर्षा-दोन वर्षांनी थोडा गॅस भरावा लागतो, हे धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. हे यंत्र सतरा-अठरा वर्षं चाललं आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दादानं जिथे सोडला होता तिथून हलला नाही. हमालांचा मुकादम एकदा म्हणून गेला, "त्याचं पोट भरलंय बाई. आता त्याला भूक नाही." मिस्त्रिणीनं त्याला असं काही झापलं, की पुन्हा तिच्यासमोर तो शब्द कुणी काढला नाही. "माझ्या भावाचं काम चोख होतं, म्हणून गळत नाही," ती म्हणाली. पण पाठीमागे लोक बोलायचे ते बोलायचेच. आणि तिला स्वतःला ठाऊक होतं, की दादानं एकच सांधा जोडला होता. बाकीचे सांधे जुनेच होते.

दर आठवड्याला ती खड्ड्यात उतरायची. आधी हवेचा मोठा पंखा लावायचा, दारं सताड उघडायची, मग शिडी. दादा बसला होता त्या जागेकडे पाहायची आणि कामाला लागायची. तिला तिथे कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, अंगावर काटा आला नाही. एकदाही नाही. याचं तिला बरं वाटायचं की वाईट, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मग जुन्या गॅसवर बंदी येणार, यंत्र बदलावं लागणार, असं ठरलं. नवं यंत्र बसवायला एक इंजिनिअर आला. वयानं पन्नाशीचा, शांत, कामाला पक्का. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचा आणि तिसऱ्यांदा तिला विचारायचा. तिला तो पहिल्याच दिवशी आवडून गेला, म्हणून तिनं त्याला जास्तच छळलं.

"साहेब, या गॅसनं एवढं काय वाकडं केलंय कुणाचं?"

"वर गेला की आकाशातलं ओझोनचं छत्र विरळ करतो, ताई. आणि उष्णता धरून ठेवतो. यातला एक किलो हवेत सोडला, तर धुराड्यातून निघणाऱ्या कार्बनच्या वायूच्या अठराशे पट त्रास देतो."

"आणि तुमच्या नव्या यंत्रात काय?"

इंजिनिअर हसला. "तोच. कार्बन डायऑक्साइड."

"ज्याच्या नावानं सगळी दुनिया बोटं मोडते, तोच?"

"तोच. नव्यानं बनवावा लागत नाही, कारखान्यांतून वाया जाणारा पकडून भरायचा. दाब मात्र भयंकर असतो. आणि जपून राहावं लागतं, कारण तोही साचला तर माणसाला सोडत नाही. म्हणून नवं यंत्र जमिनीवर, मोकळ्यावर बसवायचं. खड्डा बुजवून टाकायचा." मग त्यानं सहज भर घातली, "आपण श्वास सोडतो, त्यातही तोच असतो."

माणसांचा सोडलेला श्वास घेऊन फिरणारं यंत्र, ही कल्पना तिच्या डोक्यात जाऊन बसली आणि दिवसभर निघेना.

जुनं यंत्र बंद करायचं ते भर दुपारी, सफरचंदं दुसरीकडे हलवल्यावर. मुख्य खटका तिनंच खाली ओढला. यंत्र घरघरलं, अडखळलं, थांबलं. इतक्या वर्षांत ते असं पुरतं कधी थांबलं नव्हतं. दुरुस्तीच्या वेळीही अर्धं चालू असायचंच.

मागच्या गल्लीत दारं उघडण्याचे आवाज आले. ती बाहेर आली तर माणसं घरांतून बाहेर येऊन उभी होती. कुणी जेवता जेवता उठलेलं, कुणी तोंडाला साबण लावलेलं. कशासाठी बाहेर आलो हे कुणालाच सांगता येईना. एक तान्हं पोर रडत होतं आणि आई त्याला थोपटता थोपटता आभाळाकडे पाहत होती. गल्लीतली कुत्री भिंतीला चिकटून बसली होती. कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी काठी टेकत दारात आली आणि तिनं मिस्त्रिणीलाच विचारलं,

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही आजी. यंत्र बंद केलंय."

"असं होय," म्हातारी म्हणाली, पण आत गेली नाही. कुणीच गेलं नाही. बऱ्याच वेळानं, एकेक करून, दारं लागली.

गॅस काढून घ्यायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. हवेत सोडायचा नाही. छोट्या यंत्रानं ओढून सिलिंडरमध्ये भरायचा आणि जाळून नष्ट करायला पाठवायचा. इंजिनिअरनं आधी सगळ्यांना उभं करून एक धडा दिला: पाठीवर बांधायची हवेची नळकांडी, तोंडावरचा मुखवटा, पट्टे कसे ओढायचे, हवा संपत आली की शिट्टी कशी वाजते. मिस्त्रिणीला त्यानं स्वतः बांधून दाखवलं.

"छान दिसतंय," ती मुखवट्याआडून म्हणाली. "आधी मिळालं असतं तर लग्न जमलं असतं माझं."

"ताई, हसा. पण पट्टे पुन्हा एकदा ओढून दाखवा."

तिनं ओढून दाखवले. मग संच दाराशी खुंटीला टांगला.

यंत्राच्या अंगावरच्या पाटीवर आत किती गॅस मावतो ते लिहिलेलं होतं. त्या हिशेबानं सिलिंडर आणले होते. ते भरले. काटा खाली यायला हवा होता. तो जिथल्या तिथे. राखून ठेवलेला जादा सिलिंडर लावला, तोही भरला. इंजिनिअरनं पाटी पुसून पुन्हा वाचली. "तेलात मुरलेला असेल. नाहीतर तुमच्या भावानं जास्त भरला असेल," तो म्हणाला.

"जास्त भरला असता तर यंत्र त्याच दिवशी कण्हलं असतं, साहेब."

"ते खरंच." त्यानं मान हलवली आणि फोन करून आणखी सिलिंडर मागवले. तेही भरत आले. पाटीवर होता त्याच्या जवळपास दुप्पट गॅस बाहेर आला होता आणि काटा नुसता थरथरत होता. हमाल एव्हाना दाराबाहेर सरकले होते. मुकादमानं फक्त तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिला त्याला झापता आलं नाही.

इतका वेळ ताण सोसून खड्ड्यातली एक नळी फुटली. बंदुकीसारखा आवाज झाला, आणि खालून पांढरं धुकं उसळलं. व्हॉल्व्ह शिडीपासून दोन हातांवर होता. इंजिनिअर शिडीवरच उभा होता. खुंटीवरचा संच आणायला जायचं, बांधायचं, तोवर उरलेला सगळा गॅस बाहेर पडला असता, वरच्या खोलीतही भरला असता. त्यानं मोठा श्वास घेतला, कोंडला, आणि उतरला. धुक्यातून व्हॉल्व्ह फिरवल्याचा किरकिर आवाज आला. फुसफुस थांबली. त्यानं काम चोख केलं होतं.

"झालं! या वर!" ती ओरडली.

तो आला नाही.

धुकं हळूहळू विरलं. गॅस तिथेच होता, फक्त दिसेनासा झाला. तळाला तो भिंतीला पाठ टेकून बसला होता. पाय लांब केलेले. चेहरा निवांत.

तिला पुढे कधी त्या क्षणाबद्दल विचारलं तर ती म्हणायची, पायांनी आधी उडी मारली होती, हातांनी धरून ठेवलं. त्या वेळी दादाला पाहून एक हमाल असाच उतरायला निघाला होता आणि दुसऱ्यांनी त्याला मागे ओढलं होतं, नाहीतर तेव्हा दोन गेले असते. ती दाराकडे पळाली. संच पाठीवर, मुखवटा तोंडावर, पट्टे एकदा, पट्टे दोनदा. "पंखा लावा! साखळी सोडा!" मुकादमानं मोटर उचलायच्या कप्पीची साखळी खाली सोडली आणि ती शिडी उतरली.

मुखवट्याच्या आत फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. ती त्याच्याजवळ वाकली. त्याचे डोळे उघडे होते. तो तिच्याकडे बघत नव्हता. आपल्या उजव्या बाजूला, मोकळ्या जागेकडे मान वळवून तो बोलत होता. जीभ जड, पण आवाज घरच्यासारखा. तिनं त्याच्या कमरेच्या पट्ट्यात साखळीचा आकडा अडकवायला घेतला, तर त्यानं तिचा हात हळूच बाजूला सारला.

"यांना आधी न्या," तो म्हणाला. "हे कधीचे बसलेत."

आणि तो जरा सरकला, जागा करून देतात तसा.

तिनं आकडा अडकवला. वर हात केला. साखळी खडखडली आणि इंजिनिअरचं अंग सरळ होत, डुलत वर गेलं. वर चारचौघांनी त्याला ओढून घेतलं, उघड्यावर नेलं. तिला त्यांचे आवाज लांबून आल्यासारखे ऐकू येत होते.

आता खाली ती एकटी होती. वर जायला हवं होतं. ती गेली नाही. फुटलेल्या नळीतून पडलेल्या गॅसनं तळाच्या सिमेंटवर पांढरं हिव धरलं होतं, पिठासारखं, सगळीकडे सारखं. इंजिनिअर बसला होता तिथे त्याच्या अंगाएवढी जागा कोरडी, करडी राहिली होती. आणि त्या जागेच्या शेजारी, उजव्या बाजूला, तेवढीच आणखी एक जागा कोरडी होती. पाय लांब केल्यासारखी.

पाठीवर हवा होती. डोकं लख्ख होतं. आणि त्या लख्ख डोक्यात एक विचार आला, की डोकं लख्ख आहे म्हणूनच दिसत नाही. मुखवटा काढला तर दिसेल. फार वेळ नको. एक श्वास, दोन श्वास. तिचा हात हनुवटीखालच्या पट्ट्यावर गेला. बोटांना बक्कल लागलं. भीती वाटत नव्हती, हेच तिला नंतर सगळ्यात भयंकर वाटलं. उलट बरं वाटत होतं. जरा बसावंसं वाटत होतं.

"बाई!" वरून मुकादम ओरडला. "ओ बाई! साहेब श्वास घेतायत! वर या!"

ती त्या कोरड्या जागेवर तळहात टेकवून पाहायला वाकली. सिमेंट गार होतं, सिमेंट असतं तसं. मग तिनं शिडी धरली.

इंजिनिअर वाचला. दवाखान्यात दोन रात्री राहिला, बोटांवर गॅसच्या थंडीनं फोड आले होते तेवढेच. डॉक्टर म्हणाले, डोक्याला हवा कमी पडली की माणसाला काहीबाही दिसतं, त्याचं काही मनावर घेऊ नका. शीतगृहात तोवर उरलेला गॅस काढून झाला होता. काटा शेवटी शून्यावर आला. मालक म्हणाला, एवढा गॅस आहे, साफ करून दुसऱ्या जुन्या यंत्रांना चालेल की. मिस्त्रिणीनं इतकंच सांगितलं, "हा कुठल्याच यंत्रात जाणार नाही." मालकानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय सोडला. सिलिंडर जाळायच्या भट्टीकडे रवाना झाले.

घरी तिनं वहिनीला गॅस फुटला आणि साहेब वाचले एवढंच सांगितलं होतं. बाकीचं ओठांवर आलं की ती पाणी प्यायची.

बरं वाटल्यावर इंजिनिअर आभार मानायला घरी आला. वहिनीनं चहा ठेवला. तो खुर्चीवर बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि बोलता बोलता त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. दादाचा फोटो, पस्तिशीच्या आतला, काळ्याभोर केसांचा.

"हे त्यांचे धाकटे भाऊ का?" त्यानं विचारलं.

"कुणाचे?" मिस्त्रीण म्हणाली.

"ते खाली बसले होते ना, त्यांचे. चेहरा अगदी—" तो मधेच थांबला. त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. "नाही, नाही. खाली कुणी नव्हतं. मला समजावलंय डॉक्टरांनी. माफ करा."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी कप घेऊन उभी होती. तिनं कप टेबलावर ठेवला. अजिबात आवाज न करता ठेवला.

"केस पांढरे झालेत का त्यांचे?" तिनं विचारलं.

इंजिनिअरनं मिस्त्रिणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. खोटं बोलणं त्याला जमण्यातलं नव्हतं. "कानांशेजारी," तो हळू म्हणाला. "पुढून थोडे विरळ. वयानं माझ्याएवढे असतील."

"सासऱ्यांचं असंच होतं म्हणे. केस पुढूनच गेले." वहिनीनं पुढे विचारलं, "चष्मा?"

"नव्हता."

"म्हणजे जवळचं दिसत नसणार आता," वहिनी म्हणाली, आणि आत गेली.

चहा तसाच राहिला. इंजिनिअर गेल्यावर मिस्त्रिणीनं वहिनीला सगळं सांगितलं, हिवातल्या कोरड्या जागेसकट. बक्कलावर गेलेल्या हाताचंही सांगितलं. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती लहान मुलासारखी रडली. "मी दर आठवड्याला उतरत होते गं, वहिनी. दर आठवड्याला. मला नाही दिसला कधी. आणि एका परक्या माणसाला..."

वहिनीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. "तू पंखा लावून उतरायचीस," ती म्हणाली.

खड्डा बुजवायच्या दिवशी वहिनी स्वतःहून तिच्याबरोबर निघाली. दादा गेल्यापासून तिनं त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. यंत्र उचलून नेलं होतं, पाइप कापले होते, बाहेर सिमेंट कालवणारं यंत्र गरगरत होतं. मुकादमानं वहिनीला ओळखलं आणि काही न विचारता आपली माणसं लांब नेली.

मोठा पंखा चालू होता. वहिनी म्हणाली, "तो बंद कर."

मिस्त्रीण कचरली. पण गॅस आता नव्हता, आणि हवेतला प्राणवायू मोजायचं मीटर हातात होतं, आकडा बाहेरच्यासारखाच. तिनं पंखा बंद केला आणि मीटर घेऊन वहिनीच्या मागे, हात लांबवला तर खांदा धरता येईल एवढ्या अंतरावर उभी राहिली.

वहिनी खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली. तिथून खाली वाकून, शेजघरातल्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाली, "अहो, ऐकताय ना?"

मग ती घरचं सांगायला लागली. छपराची गळकी बाजू नीट केली. शेजारची थोरली मुलगी परदेशी गेली. तुमच्या बहिणीनं लग्न केलंच नाही, मी सांगून थकले, तुम्ही असता तर ऐकलं असतं. मला आता जिना चढताना धाप लागते. तुमचे कपडे दिले नाहीत, तसेच आहेत, अंगाला होतील की नाही कोण जाणे. ती इतकं बोलू शकते हे मिस्त्रिणीला ठाऊक नव्हतं. खड्ड्यातून काही उत्तर आलं नाही. नुसता ओलसर गारवा वर येत होता. हातातल्या मीटरचा आकडा एकदा, थोडासाच, खाली सरकला. खांद्याकडे हात नेईपर्यंत परत जागेवर आला.

"ते यंत्र गेलं आता," वहिनी शेवटी म्हणाली. "नवं आलंय, ते बाहेर आहे. त्याला तुमचं काही काम नाही. चला. किती बसायचं माणसानं."

ती उठली, कपडे झटकले, आणि मागे वळून न पाहता चालायला लागली. मिस्त्रिणीनं मुकादमाला खूण केली. सिमेंट खड्ड्यात पडायला लागल्याचा आवाज आला तेव्हा दोघी फाटकाबाहेर पोचल्या होत्या. अंगणात नवं यंत्र चाचणीसाठी चालू केलेलं होतं. आवाज पूर्वीपेक्षा बारीक, शिट्टीसारखा. गल्लीतली माणसं आपापल्या कामात होती. कोपऱ्यावरची म्हातारी दारात ऊन खात बसली होती. तिनं दोघींना पाहिलं, मग दोघींच्या मागे पाहिलं, आणि आपली काठी वाटेतून बाजूला घेतली.

मिस्त्रीण भराभर चालायला लागली. वहिनीनं तिचं मनगट धरलं.

"हळू चाल जरा," ती म्हणाली. "इतकी वर्षं बसून पाय आखडलेले असतात."